हलगी चालू ठेवा, नाव घेऊ नका: शाहू स्टेडियमवरच्या एका पेनल्टीचं प्रकरण

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंग रिजेक्ट झालं की आमच्याकडं त्याचा वाय-वाय काढतात, म्हणजे हे का झालं, मग ते का झालं, असं विचारत विचारत मुळापर्यंत जायचं. ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमध्ये वायूची पोकळी, आला तर साच्याच्या वाळूत ओल होती का, ओल होती तर पाणी जास्त का पडलं, पाणी कोण बघत होतं. गेल्या सीझनला आमच्या तालमीच्या पोराची एक पेनल्टी बारवरनं गेली आणि आम्ही सेमीफायनलला बाहेर पडलो, तेव्हा पंधरा दिवस पेठेत एकच वाक्य, पोरगं घाबरलं. मला ते पटेना, कारण पोरगं घाबरलं हे उत्तर नाही, तिथनं पुढं पहिला का सुरू होतो. म्हणून कामावर काढतो तसाच याचाही वाय-वाय काढला, आणि तो निघता निघता गॅलरीत आमच्यापाशी येऊन थांबला. हलगीपाशी, टाळ्यांपाशी, आणि मी स्वतः हात वर करून सुरू केलेल्या एका घोषणेपाशी.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आहे आणि संघ तालमींचे. तालीम मूळची कुस्तीची, लाल माती, कोपऱ्यात मारुती, भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो, आणि त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघ मैदानात उतरतो. पाटाकडील, शिवाजी तरुण, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथं लोक घरातल्या माणसांसारखी घेतात. हिवाळ्यात लीग सुरू होते, मग एकामागनं एक नॉकआउट स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत, आणि जवळजवळ सगळं शाहू स्टेडियमवर. म्हणजे दोन्ही संघांचं घर एकच, फरक काय तो गॅलरीत कोण कुठं बसलंय एवढाच. त्यामुळं इथं होम ग्राउंड म्हणजे जमीन नव्हे, माणसं. आमच्या तालमीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, पोराचं तर नाहीच. तो अकरा नंबर घालतो, आपण अकरा नंबरच म्हणूया. वय एकोणीस, डाव्या बाजूनं खेळतो, आणि प्रॅक्टिसला पेनल्टी मारायला लागला की आमचा कीपर हात जोडतो.

आता प्रसंग.

मार्चचं ऊन, दुपारी चारची मॅच, पायऱ्या एवढ्या तापलेल्या की लोक खाली पेपर घालून बसलेले. फुल टाइमला एक-एक. आमचा गोल अकरा नंबरचाच, उत्तरार्धात डावीकडनं आत शिरला आणि उजव्या पायानं लांबच्या कोपऱ्यात ठेवला, तिथनं पुढं अख्खी गॅलरी त्याच्या नावावर. त्याच्या नावाची अक्षरं तीन आहेत, हलगीच्या ठेक्यात अशी बसतात की थांबावंसं वाटत नाही. टायब्रेकर लागला, म्हणजे दोन्हीकडनं पाच-पाच पेनल्ट्या. त्यांनी पाचातल्या चार मारल्या, आमच्या चारातल्या तीन झालेल्या, आणि पाचवी अकरा नंबरची. घातली तर बरोबरी, नाहीतर घरी.

याआधीच्या चार पोरांच्या वेळी आमच्याकडं नुसता कल्ला होता, हलगी, कैताळ, शिट्ट्या, ज्याला जे सुचेल ते. अकरा नंबर बॉल घेऊन निघाला तेव्हा मला वाटलं याला काहीतरी स्पेशल पाहिजे. मी उठून उभा राहिलो, हलगीवाल्या मामांना थांबायची खूण केली, दोन्ही हात वर घेतले आणि नाव सुरू केलं. टाळी, टाळी, नाव. टाळी, टाळी, नाव. दोन-अडीच हजार माणसं एका आवाजात. माझ्या अंगावर काटा आला होता, खरंच सांगतो, वीस वर्षात एवढा सुंदर आवाज मी आमच्या गॅलरीतनं ऐकला नव्हता.

बॉल बारच्या हातभर वरनं गेला.

अर्धा सेकंद काहीच नाही. मग समोरच्या गॅलरीत जल्लोष फुटला, आणि आमच्याकडं, जी तोंडं आत्ता त्याचं नाव घेत होती त्यातल्या कितीतरी तोंडातनं शिव्या आल्या. आईवरनं, घरावरनं. त्याची आई आमच्या चार पायऱ्या वर बसलेली. पोराची मॅच पहिल्यांदाच बघायला आलेली, शेजारच्या मावशींना बरोबर घेऊन, पिशवीत पाण्याची बाटली आणि त्याच्यासाठी दोन केळी. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि खाली फरशीकडं बघत राहिली. मी वळून बघितलं ते अजून डोळ्यासमोरनं जात नाही. पुढं तीन आठवडे पोरगं ग्राउंडवर आलं नाही.

व्हिडिओ तीन पद्धतीनं बघितला

मॅच मोबाइलवर लाइव्ह होती, रेकॉर्डिंग मिळालं. शिवाय आमच्यातल्या एकानं गॅलरीतनं शूट केलेलं. मी एका रविवारी वही घेऊन बसलो. आधी आवाजासकट बघितला, मग आवाज बंद करून, आणि मग मोबाइल पालथा ठेवून नुसता आवाज ऐकला. हे तिसरं करायचं का सुचलं माहीत नाही, पण सगळ्यात जास्त त्यातनंच कळालं.

आवाज बंद करून बघितलं तर ती साधी पेनल्टी आहे. एक पोरगं येतं, बॉल ठेवतं, मारतं, बॉल वरनं जातो, असं रोज प्रॅक्टिसला दहादा होतं. बघताना छाती धडधडत नाही, शिवी तोंडात येत नाही. 2020 ला आयपीएल दुबई-अबुधाबीला रिकाम्या स्टेडियममध्ये झाली तेव्हा टीव्हीवाल्यांनी गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज वरनं लावला होता, तेव्हा मला ते फसवल्यासारखं वाटलं होतं, आता कळतंय की त्याशिवाय लोकांना सिक्स सिक्सच वाटली नसती. म्हणजे मॅच आम्ही बघतो असं वाटतंय पण निम्मी मॅच ऐकतोय, आणि ती ऐकायची निम्मी आम्हीच तयार करतोय.

मग मी घड्याळ लावलं. प्रॅक्टिसचे त्याचे व्हिडिओ आमच्याकडं भरपूर आहेत. तिथं तो बॉल ठेवतो, बॉलचा वॉल्व्ह स्वतःकडं करतो, पाच पावलं मागं जातो, खाली बघून एक श्वास सोडतो आणि मग निघतो. शिट्टीपासनं पायाला बॉल लागेपर्यंत तीन सेकंद तरी. सेमीफायनलला वॉल्व्ह फिरवला नाही, पावलं चार, श्वास नाही, आणि शिट्टी वाजली की एका सेकंदाच्या आत निघाला. शिट्टी वाजली म्हणजे लगेच मारायचीच असं काही नाही, शिट्टी नुसती परवानगी असते. पण त्याला तिथनं सुटायचं होतं. नॉर्वेचे गेइर योर्डेट म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी मोठमोठ्या स्पर्धांमधल्या पेनल्ट्यांचा असाच सेकंदा-सेकंदानं अभ्यास केलाय, आणि शिट्टी वाजल्यावर घाई करणारे जास्त चुकवतात हे त्यांना दिसलंय. म्हणजे एका का चं उत्तर मिळालं, घाई झाली. घाई का झाली?

नुसता आवाज ऐकला तेव्हा ते सापडलं. पहिल्या चार पेनल्ट्यांच्या वेळी आवाज एकसारखा वाहतोय, नदीच्या कडेला उभं राहिल्यासारखा. पाचव्याला तो तुटतो. हलगी थांबते, मोकळी जागा होते आणि त्या जागेत नाव. आणि ते नावही ऐकताना एकसंध नाही. आम्ही एका टोकाला होतो आणि आमचेच काही लोक वळणावरच्या पायऱ्यांवर शंभरेक मीटर लांब, आणि आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे आमची टाळी त्यांच्यापर्यंत जायला जवळजवळ पाव ते एक तृतीयांश सेकंद. ते आमचं ऐकून टाळी मारतात, ती आमच्याकडं परत यायला तेवढाच वेळ. मैदानात उभ्या असलेल्या माणसाला एकच नाव दोनदा ऐकू येतंय, एक पुढं एक मागं, आणि त्यात दर टाळीला वेग वाढत गेलाय. हा वेग वाढायचा प्रकार आमचाच नाही. 2000 साली काही संशोधकांनी पूर्व युरोपातल्या नाट्यगृहांत टाळ्या रेकॉर्ड करून दाखवलं होतं की माणसं एका तालात येताना टाळीचा वेग जवळजवळ निम्मा करतात, त्यानं तालाला ताल जुळतो पण एकूण आवाज कमी होतो, मग जोर वाढवायच्या नादात सगळे परत वेग वाढवतात आणि ताल सुटतो. आम्ही अगदी तेच केलं. आम्ही त्याला पळवलं. रेकॉर्डिंगमध्ये टाळ्यांचा वेग आणि त्याची पावलं बरोबर ठेवून बघितली तर दोन्ही एकदमच वाढतायत.

त्याच्या घरी

हे सगळं माझं अनुमान होतं, म्हणून तालमीतल्या एका वयस्क माणसाला बरोबर घेऊन त्याच्या घरी गेलो. वडील टेम्पो चालवतात, ते कामावर होते. आईनं चहा ठेवला. मी आधी त्यांची माफी मागितली, गॅलरीतल्या शिव्यांबद्दल, मी दिल्या नव्हत्या तरी थांबवल्याही नव्हत्या. त्या एवढंच बोलल्या, "दादा, आधी त्याचं नाव घेत होते तवा मला लई बरं वाटलं वो. म्हणून मग जास्त लागलं."

पोरगं बराच वेळ काही बोललं नाही. मग मी विचारलं, पेनल्टीच्या वेळी गॅलरी गप बसली असती तर बरं झालं असतं का. तो पटकन म्हणाला, "नाय दादा, गप नको. गप झालं की माझाच श्वास ऐकू येतोय. हलगी चालू ठेवा. फक्त नाव घेऊ नका."

का म्हणून विचारलं तर म्हणाला, "हलगी वाजत असली की मी खेळतोय. नाव घेतलं की मला कळतंय की सगळी माझ्याकडं बघाय लागल्यात. मग मी बी माझ्याकडंच बघतोय, पाय कुठं पडतोय, कुठला कोपरा, बॉल बघतच नाही."

एकोणीस वर्षाच्या पोरानं चहाच्या कपाकडं बघत सांगितलेलं हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून घेतलं, आणि नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की मानसशास्त्रवाल्यांनी हेच लिहून ठेवलंय. अमेरिकेतले रॉय बाउमायस्टर यांनी 1984 मध्ये दबावाखाली माणूस का ढेपाळतो यावर प्रयोग करून मांडलं की हातापायाला सवयीचं झालेलं काम करताना लक्ष स्वतःच्याच हालचालीकडं वळलं की ते काम बिघडतं. जिना उतरताना पावलं मोजायला लागलो की अडखळतो तसं. त्याच्याही आधी 1965 ला रॉबर्ट झायोन्क यांनी मांडलं होतं की कोणीतरी बघतंय म्हटल्यावर सोपं आणि मुरलेलं काम जोरात होतं, अवघड किंवा न मुरलेलं काम बिघडतं. आणि मला सगळ्यात हलवलं ते जर्मनीच्या कामानं. थोमास डोमेन यांनी बुंडेसलीगा या तिथल्या फुटबॉल लीगमधल्या साडेतीन हजारांहून जास्त पेनल्ट्या तपासल्या, आणि गोलच्या बाहेर मारायचं प्रमाण घरच्या मैदानावर खेळणाऱ्यांचं जास्त निघालं. कीपरनं अडवलेल्या नव्हेत, मारणाऱ्यानंच बाहेर घातलेल्या. म्हणजे विरोधी गॅलरीच्या शिट्ट्यांपेक्षा आपल्याच माणसांची माया जड जाते. हे वाचून मी बराच वेळ गच्चीवर जाऊन बसलो होतो.

पण म्हणून ओरडणं वाईट असं म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. प्रेक्षकाच्या आवाजाशिवाय खेळ काय होतो ते 2020 ला सगळ्या जगानं बघितलंय. 16 मे 2020 ला बुंडेसलीगा रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली, मागनं बाकीच्या लीग आल्या, आणि त्यावर झालेल्या कितीतरी अभ्यासांत दिसलं की घरच्या संघाचा फायदा कमी झाला आणि पाहुण्या संघाला जास्त यलो कार्ड मिळायची ती तफावत घसरली. मैदान तेच, गवत तेच, प्रवास तसाच, फक्त माणसं नाहीत. पाहुण्या संघाच्या कार्डांवरनं कळतंय की आवाज नुसता खेळाडूच्या पायात जात नाही, पंचाच्या कानातही जातो. यावर इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग झालाय, 2002 ला छापून आला. चाळीस पंचांना एकाच मॅचमधले सत्तेचाळीस टॅकल व्हिडिओवर दाखवले, काहींना गर्दीच्या आवाजासकट, बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. आमच्या पेठेत एक रिटायर्ड पंच आहेत, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय, फाउल दिसला की शिट्टी तोंडात जायच्या आधी कान गॅलरीकडं जातोच. चांगला पंच म्हंजे ज्याला हे ठावं असतंय." मला या माणसाबद्दल कायम आदर होता, त्या दिवशी वाढला.

तेव्हा आवाजाला ताकद आहे हे नक्की. पळायला, भिडायला, सत्तराव्या मिनिटाला पाय ओढत परत मागं यायला गॅलरीचा आवाज लागतोच. पण आम्ही सगळीकडं एकच आवाज वापरत होतो. आमच्या शॉपफ्लोअरवर हातोडा मारणारा आणि मायक्रोमीटर धरणारा एकच माणूस असला तरी दोन्हीला एकच जोर लावत नाही. पेनल्टी हे मायक्रोमीटरचं काम आहे, आणि आम्ही हातोड्याचा आवाज तोही एकट्या पोराच्या डोक्यावर दिला.

खासबागेतनं शिकलेली गोष्ट

पुढचा का विचारायला मी मामांकडं गेलो, आमचे हलगीवाले. त्यांचं घराणंच वाजवणाऱ्यांचं, खासबागेत कुस्तीला हलगी वाजवत मोठे झालेत. खासबाग मैदान शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात बघितलेल्या रोमच्या आखाड्यावरनं मनात घेतलं आणि 1912 ला ते सुरू झालं, खोलगट वाडग्यासारखं, शेवटच्या माणसालाही तांबडी माती दिसावी म्हणून. त्या वाडग्यात बसलेला माणूस काय ओरडतो ते आठवून बघा. पैलवानाचं नाव लोक घेतात ते जोड लागायच्या आधी आणि कुस्ती मारल्यावर. खडाखडी सुरू झाली की बोलतात ते डाव, पट काढ, ढाक लाव, घिस्सा ओढ, मोळी बांध. जाणत्या माणसाचं ओरडणं म्हणजे काम सांगणं असतंय, पैलवानाला स्वतःकडं नाही, समोरच्या जोडीकडं बघायला लावणारं.

मामा म्हणाले, "कुस्तीत मी पब्लिककडं बघत नाय. पैलवानाकडं बघून वाजवतोय. त्यो दम घेतोय तवा हलगी खाली, त्यो उठला की हलगी उठली. तुमच्या फुटबॉलात तू मला हात करून सांगतोस थांब म्हणून, मी थांबतोय. पण मर्दा त्या पोराला त्याच वक्ताला हलगी पाहिजे हुती."

त्यांनी हे सेमीफायनलच्या दिवशीच का नाही सांगितलं असं मी विचारलं नाही. आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं. वाजवा म्हणायचं, थांबा म्हणायचं, शेवटी पैसे आणि चहा द्यायचा, वीस वर्षं असंच चाललेलं. सगळ्यात जास्त मॅच कळणारा माणूस गॅलरीत होता आणि आम्ही त्याला बटन समजत होतो. याबद्दल मला आजही वाईट वाटतंय.

तालमीत मीटिंग घेतली. पन्नासेक पोरं आली. मी व्हिडिओ दाखवला, घड्याळ लावून दाखवलं. भांडण झालंच. एकजण म्हणाला, पैसे खर्चून ऊन खात बसतोय, आता काय ओरडायचं ते पण तुम्ही शिकवणार काय. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. माणूस आठवडाभर कुणाकुणाचं ऐकून घेतो आणि शाहू स्टेडियमवर येऊन दोन तास मोकळा होतो, तो मोकळेपणा काढून घेतला तर गॅलरीत उरणार काय. दुसरा म्हणाला, पोरगं नाजूक आहे, मोठ्या मॅचचं नाही. त्याला मी सांगितलं की आपल्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला, दिल्लीच्या भरलेल्या स्टेडियममध्ये, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, पण एका अनिकेतच्या मागं किती पोरं अशीच आपल्याच गॅलरीला घाबरून बूट टांगून बसली असतील याचा हिशोब आपण कधी ठेवला नाही. त्यावर शांतता झाली. शेवटी मी त्याच्या आईचं वाक्य सांगितलं. मला वाटतंय व्हिडिओपेक्षा त्यानं काम झालं.

ठरलं ते एवढंच. टायब्रेकर असो नाहीतर मॅचमधली पेनल्टी, हलगी थांबवायची नाही, ठेका मामा ठरवणार, आणि मारणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तालमीचं घ्यायचं. गोल झाल्यावर नाव घेऊन घसा फाडा, कोण अडवत नाही. आपल्या खेळाडूला शिवी दिली तर शेजारच्यानं तिथंच थांबवायचं. आणि लांब बसलेल्यांनी टाळी ऐकून मारायची नाही, बघून मारायची, त्यासाठी एक पोरगं पुढं कठड्यापाशी झेंडा घेऊन उभं करायचं, झेंडा खाली आला की टाळी, कारण प्रकाश आवाजासारखा वाटेत वेळ लावत नाही. हे झेंड्याचं एवढं सोपं निघालं की आधी का नाही केलं असं झालं. पहिल्याच मॅचला टाळीची फूट गेली. मैदानातल्या पोरांनी नंतर येऊन विचारलं, आज माणसं जास्त होती का?

एक गोष्ट पोरानं स्वतः मागितली. प्रॅक्टिसला आवाज पाहिजे. नेमबाजीत आता फायनलला प्रेक्षक ओरडलेले चालतात, म्युझिक पण असतं, आणि आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या अशाच फायनलमधनं ब्रॉन्झ घेऊन आला. पोरगं म्हणालं, तो एवढ्या आवाजात श्वास धरून गोळी मारतोय तर मला बी सवय करू दे. मग मंगळवार-गुरुवारी सकाळी सहाला पेठेतल्या ग्राउंडवर मामांचा नातू हलगी घेऊन यायला लागला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाड्यातल्या आजी काठी टेकत आल्या, "लग्न कुणाचं हाय रं एवढ्या पहाटं?" सगळं सांगितल्यावर पायरीवर बसल्या आणि पोराच्या चार पेनल्ट्या बघून गेल्या. आता हलगी साडेसहाला सुरू होते, हा आजींबरोबर झालेला समझोता.

पुढच्या सीझनला काय झालं

या सीझनला त्यानं पाच पेनल्ट्या मारल्या, चार घातल्या. एवढ्यावरनं काही सिद्ध होत नाही हे मला कळतंय, फाउंड्रीत पाच पीसवर कोण लॉट पास करत नाही. मी गोल मोजले नाहीत, वॉल्व्ह मोजला. पाचही वेळा त्यानं बॉल ठेवून वॉल्व्ह स्वतःकडं फिरवला, पाचही वेळा पाच पावलं मागं गेला, पाचही वेळा खाली बघून श्वास सोडला. जी चुकली ती कीपरनं डावीकडं झेप घेऊन अडवली, चांगली अडवली, आणि त्या क्षणी आमच्या गॅलरीत हलगी थांबली नाही. मला आतनं भीती होती की आता शिव्या येणार. एक आली. शेजारच्या माणसानं नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोवर रिबाउंडवर आमच्याच दुसऱ्या पोरानं बॉल परत गोलसमोर टाकला होता आणि कॉर्नर मिळाला होता, हे आधीच्या वर्षी आम्हाला दिसलंच नसतं, कारण आम्ही कपाळाला हात लावून बसलो असतो.

सगळं जमलंय असं नाही. समोरच्या कीपरला आमच्याकडनं अजून नको ते बोललं जातं, आणि त्या कीपरलाही आई आहेच की. बायकामाणसं गॅलरीत यायची ती अजून फार येत नाहीत. अकरा नंबरची आई आली नाही, मी दोनदा निरोप दिला.

एप्रिलमधली एक मॅच मात्र सांगायची राहिली. सेमीफायनल ज्यांच्याशी हरलो तोच संघ, आणि सत्तराव्या मिनिटाच्या आसपास आम्हाला पेनल्टी. अकरा नंबर बॉल घेऊन निघाला. आमच्याकडं हलगी चालू, झेंडा खालीवर होतोय, तालमीचं नाव. आणि समोरच्या गॅलरीनं, त्यांना गेल्या वर्षीचं बरोबर लक्षात होतं, त्याचं नाव सुरू केलं. टाळी, टाळी, नाव. आमचीच चाल, आमच्यापेक्षा मोठ्यानं, दोन हजार माणसं. माझ्या पोटात गोळा आला. मामांनी माझ्याकडं बघितलं नाही, ते पोराकडं बघत होते, आणि त्यांनी ठेका जरासा संथ केला, त्याच्या मागं जायच्या पावलांएवढा. पोरानं वॉल्व्ह फिरवला. पाच पावलं. शिट्टी वाजली, तरी तो उभाच, एक श्वास, दोन. मग खाली उजवीकडं, कीपर दुसऱ्या बाजूला.

मॅचनंतर स्टँडपाशी गाठ पडली तेव्हा मी त्याला विचारलं, ते नाव घ्यायला लागले तेव्हा काय वाटलं. बूट सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "त्यांनी घेतलं तर चालतंय दादा. त्यांचं मी काय देणं लागत नाय."